उघड्या आभाळाखालचे नाटक आणि विल्यम शेक्सपिअर



उन्हाळा आला की कार्डिफमध्ये नाटक घराबाहेर पडते. टॅफ नदीच्या काठी सोफिया गार्डन्समध्ये एव्हरीमन थिएटर ही हौशी नटमंडळी कित्येक वर्षे आपला उन्हाळी महोत्सव उघड्यावर भरवीत आली आहे. त्याआधी हाच महोत्सव सेंट फेगन्सच्या संग्रहालयाच्या आवारात होत असे. अशा महोत्सवांत संगीतिका असतात, मुलांची नाटके असतात आणि बहुधा शेक्सपिअरचे एखादे नाटक असतेच. ह्या नाटककाराचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत ऐकलेले आहे. परंतु त्याचे चरित्र आपल्या मराठी पानांत सलगपणे सांगितले जावे, असे आम्हांस वाटले. शिवाय यहुदी वाचकांचा ह्या गृहस्थाशी एक जुना हिशेब आहे. तोही येथे मोकळेपणाने मांडावा, हा आमचा हेतू आहे.

बालपण आणि गाव

विल्यम शेक्सपिअर हा इंग्लंडच्या मध्यभागातील स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन ह्या बाजारगावचा. २६ एप्रिल १५६४ रोजी तेथील देवळात त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. वडील जॉन हे कातड्याचे हातमोजे करणारे कारागीर. लोकरीचाही व्यापार करीत. आई मेरी आर्डन ही जमीनजुमला असलेल्या शेतकरी घराण्यातील. जॉन हळूहळू गावच्या कारभारात वर चढले आणि १५६८ साली गावचे बेलिफ, म्हणजे आपल्याकडील नगराध्यक्ष झाले.

त्यांच्याच कारकिर्दीत, १५६९ साली, गावात फिरत्या नटमंडळ्या आल्या आणि त्यांना गावच्या तिजोरीतून बिदागी दिली गेली. स्ट्रॅटफर्डच्या दप्तरात नटांना पैसे दिल्याची ही पहिली नोंद. नगराध्यक्षाचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. आपल्या कोकणातील ज्यांनी लहानपणी देवळासमोरच्या पटांगणात रात्रभर चालणारे दशावतारी खेळ पाहिले असतील, त्यांना हे वय आणि हे वेड ह्यांचा संबंध वेगळा सांगावयास नको.

पुढे वडिलांचा धंदा बसला. कर्ज झाले, जमीन गहाण पडली, गावच्या सभेला जाणेही त्यांनी सोडले. विल्यमने अठराव्या वर्षी, १५८२ च्या नोव्हेंबरात, ॲन हॅथवे हिच्याशी लग्न केले. ती त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी होती. १५८३ च्या मे महिन्यात सुझाना ही मुलगी झाली आणि १५८५ साली हॅम्नेट व जुडिथ ही जुळी मुले. वयाच्या एकविसाव्या वर्षाआधीच तीन लेकरांचा बाप, घरात पडता काळ, हाताशी ठाम धंदा नाही, अशी ही स्थिती. पोटासाठी मोठ्या शहरात जाणाऱ्या माणसाची ही गोष्ट आपल्या लोकांना परकी नाही. रेवदंडा, नवगाव, पनवेल येथून मुंबईला आणि मुंबईहून पुढे हैफा, बीरशेवा, लंडन येथे गेलेल्या आपल्या घरांत ती वेगवेगळ्या नावांनी घडलेली आहे.

लंडन आणि नाटकाचा धंदा

१५९२ सालापर्यंत तो लंडनमध्ये नट आणि नाटककार म्हणून इतका पुढे आला होता, की रॉबर्ट ग्रीन नावाच्या एका पदवीधर लेखकाने त्याच्यावर छापील टीका केली. तक्रार अशी, की विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला हा नट आता नाटके लिहावयास बसला आहे. त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला आणि १५९४ पर्यंत नाटकगृहे बहुतेक बंदच राहिली. तो काळ शेक्सपिअरने फुकट घालविला नाही. दोन दीर्घ काव्ये लिहून छापविली, आणि ती पुष्कळ खपली.

१५९४ साली लॉर्ड चेंबरलेन ह्या दरबारी अधिकाऱ्याच्या आश्रयाखाली एक नवी नटमंडळी निघाली. शेक्सपिअर तिच्यात भागीदार झाला. येथे त्याच्या आयुष्याचे खरे सूत्र सापडते. तो एकाच मंडळीसाठी लिहिणारा, तिच्यातच काम करणारा आणि तिच्या नफ्यातोट्यात वाटेकरी असलेला माणूस होता. कोणता नट कोणती भूमिका पेलेल, कोणाचा आवाज किती दूर जाईल, हे त्याला लिहिताना ठाऊक असे. आपल्याकडील जुन्या संगीत नाटक मंडळ्यांचे मालक, नट आणि कवी एकाच बिऱ्हाडात राहत, तशातलाच हा प्रकार. स्त्रियांना रंगभूमीवर बंदी असल्याने ज्युलिएट, पोर्शिया, क्लिओपात्रा ह्या सर्व भूमिका मुलगे करीत. ज्यांनी बालगंधर्वांना पाहिले, किंवा पाहिलेल्यांच्या तोंडून त्यांची वर्णने ऐकली, त्यांना ह्यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.

ह्याच चढत्या काळात घरी मोठा आघात झाला. ११ ऑगस्ट १५९६ रोजी त्याच्या एकुलत्या एका मुलाचे, हॅम्नेटचे, दफन झाले. मुलगा अकरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी शेक्सपिअरने स्ट्रॅटफर्डमधील न्यू प्लेस हे मोठे घर विकत घेतले. वडिलांच्या काळात गेलेली घराण्याची पत परत आली, पण ती पुढे चालविणारा मुलगा उरला नाही.

लाकडे खांद्यावर घेऊन निघालेले नाटकगृह

मंडळीचे जुने नाटकगृह शोरडिच भागात होते. १५७६ साली जेम्स बर्बेज ह्यांनी ते बांधले; त्याचे नावही नुसते थिएटर असेच होते. इमारत मंडळीची, पण खालची जमीन दुसऱ्याची. भाडेपट्टा संपला तेव्हा मालक नवा करार करीना आणि इमारतही आपलीच म्हणू लागला. तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत मालक बाहेरगावी असताना, मंडळी पीटर स्ट्रीट नावाच्या सुताराला घेऊन आली आणि त्यांनी सबंध इमारत उतरवून घेतली. त्याच ओक लाकडांतून थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर १५९९ साली नवे नाटकगृह उभे राहिले. तेच सुप्रसिद्ध ग्लोब. शेक्सपिअर त्याचा एक मालक होता.

ग्लोब हे जवळजवळ वर्तुळाकार होते. भोवती तीन मजली सज्जे, त्यांवर गवताचे छप्पर. आणि मधले अंगण आभाळाकडे उघडे. अंगणात पुढे आलेल्या चौथऱ्यावर नाटक होई आणि लोक त्याच्या तिन्ही बाजूंनी उभे राहत. उभे राहण्याचा दर एक पेनी. सज्जात बसावयाचे तर आणखी पेनी. गादी हवी तर आणखी एक. दोन-तीन हजार माणूस मावे. खेळ दुपारी, दिवसाच्या उजेडात होत. लोक हेझलनट फोडीत, सफरचंदे खात, एल पीत. १९८९ साली जवळच्या रोझ नाटकगृहाचा पाया उकरला गेला तेव्हा फरशीत हेझलनटच्या टरफलांचा थरच्या थर सापडला. तमाशाच्या फडात किंवा जत्रेच्या कनातीत सकाळी उरलेला भुईमुगाच्या शेंगांचा कचरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चारशे वर्षांपूर्वीचा तो प्रेक्षक एकदम ओळखीचा वाटेल.

दिवे नाहीत, पडदा नाही, देखावे नाहीत. मग रात्र कशी दाखवावयाची? शब्दांनी. दुपारच्या लख्ख उन्हात एखादा नट मशाल हातात घेऊन येई, थंडी वाजते म्हणे, समोर उभा कोण ते दिसत नाही म्हणे, आणि तीन हजार माणसांच्या डोळ्यांपुढे मध्यरात्र उभी राही. हॅम्लेटचा पहिला प्रवेश, मॅकबेथमधील खुनाची रात्र, उन्हाळी रात्रीच्या स्वप्नातील रान, ही सारी भर दिवसा, उघड्या आभाळाखाली रचलेली आहेत. म्हणूनच ही नाटके घराबाहेर काढली की त्यांना काही कमी पडत नाही. बंदिस्त रंगमंचावर दिव्यांनी जे करावे लागते, ते त्यांच्या वाक्यांतच आहे.

कार्डिफच्या जून महिन्यात तर ह्याला निसर्गाची जोड मिळते. सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. नाटक सुरू होते तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर ऊन असते. मध्यंतरात थर्मासमधील चहा आणि घरचा चिवडा निघतो तेव्हा आभाळ पिवळे पडते. आणि शेवटच्या अंकात नट जेव्हा रात्र झाली म्हणतो तेव्हा ती खरोखरच झालेली असते. पक्षी घरट्यांकडे परतताना मध्येच ओरडतात, नदीवरून गार वारा येतो, गुडघ्यांवर शाल ओढून घ्यावी लागते. पाऊस आला तर माणसे उठत नाहीत. वेल्समध्ये पावसाला उठून जावयाचे म्हटले तर उन्हाळाभर काहीच पाहून होणार नाही. छत्री मात्र उघडू नये, मागच्याला दिसत नाही.

वेल्सशी आणि कार्डिफशी नाते

शेक्सपिअरच्या नाटकांत वेल्श माणसे बरीच आहेत. पाचव्या हेन्रीच्या नाटकात फ्लुएलिन हा वेल्श कप्तान आहे. तो इंग्रजी आपल्या वेल्श वळणाने बोलतो, लोक हसतात. पण आपल्या राष्ट्रचिन्हाची, म्हणजे लीक ह्या कांद्याच्या पातीसारख्या भाजीची, थट्टा करणाऱ्याला तो तीच भाजी खावयास लावतो. सिंबेलाइन ह्या नाटकाचा मोठा भाग वेल्समधील मिलफर्ड हेवनच्या परिसरात घडतो.

चौथ्या हेन्रीच्या पहिल्या भागात वेल्सचा बंडखोर राजपुरुष ओवाइन ग्लिंडूर येतो. त्याच्या मुलीचे लग्न मॉर्टिमर नावाच्या इंग्रज सरदाराशी झालेले आहे. नवऱ्याला वेल्श येत नाही, बायकोला इंग्रजी येत नाही. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे आणि बाप मध्ये उभा राहून दोघांचे बोलणे एकमेकांना समजावून सांगतो. शेवटी ती एक वेल्श गाणे गाते. शेक्सपिअरने तिचे बोलणे आणि गाणे लिहूनच ठेवलेले नाही. येथे ती वेल्शमध्ये बोलते, येथे गाते, एवढीच सूचना आहे. त्या अर्थी वेल्श जाणणारा एखादा मुलगा त्याच्या मंडळीत असला पाहिजे. आमच्या पिढीच्या आजी-आजोबांना हा प्रवेश फार जवळचा वाटेल. आजी मराठीत बोलते, नातू हिब्रूत किंवा इंग्रजीत उत्तर देतो, आणि मधला मुलगा किंवा सून भाषांतर करते. प्रेमात उणे काही नसते, पण गाणे मात्र एकालाच कळते.

कार्डिफशी त्याचा धागा आणखी एका ठिकाणी जुळतो. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी त्याच्या नाटकांचा जो मोठा संग्रह निघाला, तो विल्यम हर्बर्ट, अर्ल ऑफ पेम्ब्रोक, आणि त्याचा भाऊ फिलिप ह्यांना अर्पण केलेला आहे. हेच हर्बर्ट घराणे त्या काळी कार्डिफच्या किल्ल्याचे धनी होते. पुढे अठराव्या शतकात विवाहसंबंधाने ती मालमत्ता ब्यूट घराण्याकडे गेली. त्या घराण्यातील लेडी सोफिया हिच्या नावाने १८५८ साली सोफिया गार्डन्स लोकांसाठी खुले झाले. ज्या हिरवळीवर आज नाटक पाहावयाचे, तिचा इतिहास असा थेट त्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेपर्यंत जातो.

आणि आपल्या लोकांनी हेही लक्षात ठेवावे, की त्याच ब्यूट घराण्याने १८४१ साली कार्डिफच्या यहुद्यांना दफनभूमीसाठी जागा दिली. सोफिया गार्डन्सच्या कडेने जाणाऱ्या कॅथीड्रल रोडवर १८९७ साली मोठे सिनेगॉग उघडले. १९८९ साली ते बंद झाले आणि मागे कचेऱ्या झाल्या. परंतु दर्शनी भाग तसाच राखलेला आहे. बागेकडे चालत जाताना तो पाहावा.

व्हेनिसचा व्यापारी

आता आमच्या जुन्या हिशेबाकडे वळू.

१२९० साली राजा पहिला एडवर्ड ह्याने इंग्लंडमधील सर्व यहुद्यांना देशाबाहेर घालविले. हुकूम निघाला तो दिवस आपल्या पंचांगाप्रमाणे तिशा बेआव होता. वेल्सची स्वतंत्र सत्ता मोडून तेथे मोठमोठे किल्ले बांधणारा राजा तो हाच. यहुद्यांना परत राहण्याची मोकळीक मिळाली ती क्रॉमवेलच्या काळात, १६५६ च्या सुमारास. म्हणजे शेक्सपिअरचे सबंध आयुष्य अशा देशात गेले, जेथे उघडपणे शब्बाथ पाळणारा एकही यहुदी नव्हता. लंडनमध्ये पोर्तुगालहून आलेली काही धर्मांतरित घराणी होती, तीही दबून राहत. त्यांपैकीच डॉक्टर रॉडरिगो लोपेझ हे राणी एलिझाबेथचे वैद्य. राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला आणि जून १५९४ मध्ये त्यांना जाहीरपणे मारण्यात आले. लोकांच्या द्वेषाला तोंड फुटले, आणि मार्लो ह्या नाटककाराचे माल्टाच्या यहुद्यावरील नाटक पुन्हा जोरात चालू लागले.

ह्यानंतर दोन-तीन वर्षांत शेक्सपिअरने व्हेनिसचा व्यापारी लिहिले. कथानक वाचकांना ठाऊकच आहे. शायलॉक हा यहुदी सावकार आंटोनिओ ह्या व्यापाऱ्याला तीन हजार ड्यूकॅट कर्ज देतो; मुदतीत फेड न झाल्यास अंगाचे एक पौंड मांस कापून घेण्याची अट घालतो; आणि न्यायालयात पोर्शियाच्या युक्तीने हरतो. त्याची मुलगी जेसिका दागिने व पैसे घेऊन एका ख्रिस्ती तरुणाबरोबर पळून जाते. शेवटी शायलॉकला स्वतःचा धर्म सोडण्याची शिक्षा होते, आणि नाटक तिला दया म्हणून दाखविते.

ह्या नाटकाने यहुद्यांचे नुकसान केले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. शायलॉक हे नाव शिवीसारखे वापरले गेले. नाझी अमलात जर्मनीत हे नाटक पुष्कळ वेळा झाले. १९४३ साली व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये ते कोणत्या हेतूने उभे केले गेले, ते सांगण्याची गरज नाही. आम्ही शिक्षकी पेशात असताना हे नाटक वर्गात शिकविण्याची पाळी आली, तेव्हा शायलॉकची सुरी निघते त्या प्रवेशात मुलांच्या नजरा आमच्याकडे वळत. ते आम्ही विसरलेलो नाही.

परंतु दुसरीही बाजू आहे. ज्या माणसाला नुसता खलपुरुष करून भागले असते, त्याच्याच तोंडी शेक्सपिअरने असे भाषण घातले की यहुद्यालाही इतरांसारखेच शरीर आणि भावना आहेत, हे प्रेक्षकांना ऐकून घ्यावे लागले. त्याच्या मृत पत्नीची अंगठी मुलीने उधळून टाकली हे कळल्यावर त्या सावकाराच्या दुःखाला एक क्षण दिला. यहुद्यांशी ओळख होण्याची सोय नसलेल्या माणसाला हे कोठून सुचले, ह्याचे उत्तर त्याच्या कलेतच शोधावे लागते. १८१४ साली एडमंड कीन ह्या नटाने शायलॉक माणूस म्हणून उभा केला, तेव्हापासून त्या भूमिकेकडे पाहण्याची लंडनची दृष्टी बदलू लागली.

ह्या नाटकाचा शेवटचा अंक उघड्यावर पाहावा. चांदणी रात्र, बाग, दूरवरून येणारे वाद्यसंगीत. उन्हाळ्यातील रात्रीचे इतके गोड चित्र त्याच्या नाटकांत क्वचितच सापडेल. शायलॉक तेथे नाही. सर्वजण आनंदात आहेत. जेसिका मात्र, संगीत सुरू होताना एक उदास वाक्य बोलून, पुढे अंक संपेपर्यंत गप्प आहे. बंद नाटकगृहात हे कित्येकदा लक्षात येत नाही. बाहेर, खरा अंधार पडल्यावर, तिची ती शांतता डोळ्यांत भरते. आपले घर, आपला शब्बाथ सोडून दुसऱ्यांच्या बागेत बसलेली यहुदी मुलगी नाटककाराने मुद्दाम गप्प ठेवली की काय, ह्यावर आमच्या वाचकांनी आपापल्या घरी जरूर वाद घालावा.

अखेरची वर्षे

१६०३ साली राणी वारली आणि नव्या राजाने, पहिल्या जेम्सने, मंडळीला आपल्या आश्रयाखाली घेतले. ऑथेल्लो, किंग लिअर, मॅकबेथ ही नाटके ह्या काळातील. १६०८ साली मंडळीने ब्लॅकफ्रायर्स येथील बंदिस्त, मेणबत्त्यांच्या उजेडातील नाटकगृह घेतले. हिवाळ्यात तेथे आणि उन्हाळ्यात उघड्या ग्लोबमध्ये, असा क्रम सुरू झाला.

२९ जून १६१३ रोजी आठव्या हेन्रीचे नाटक चालू असताना सलामीची तोफ उडाली, ठिणगी गवती छपरावर पडली आणि सबंध ग्लोब जळून गेले. जीव कोणाचा गेला नाही. एका गृहस्थाच्या विजारीने पेट घेतला, तो त्याने बाटलीतील एल ओतून विझविला, एवढीच हकीकत उरली. पुढच्या वर्षी कौलारू छपराचे दुसरे ग्लोब उभे राहिले.

शेक्सपिअर २३ एप्रिल १६१६ रोजी स्ट्रॅटफर्ड येथे वारला. मृत्युपत्रात त्याने बहुतेक मालमत्ता सुझानाला दिली, बायकोच्या नावे घरातील दुय्यम पलंग लिहिला, आणि आपल्या तिघा जुन्या सोबती नटांना आठवणीच्या अंगठ्यांसाठी थोडे पैसे ठेवले. त्यांपैकी हेमिंग्ज आणि काँडेल ह्या दोघांनी त्या अंगठीचे ऋण फेडले. १६२३ साली त्यांनी छत्तीस नाटके एकत्र छापविली. त्यांपैकी अठरा पूर्वी कधीच छापलेली नव्हती, मॅकबेथही त्यांतच. हे दोघे नट नसते तर ती बहुधा कायमची गेली असती. त्याची नात एलिझाबेथ १६७० साली वारली आणि घराणे संपले. ग्रंथ राहिला.

आपल्या रंगभूमीवर आणि आपल्या लोकांत

१६४२ साली प्युरिटनांनी नाटके बंद केली आणि ग्लोबही पाडले गेले. शेक्सपिअर बंदिस्त नाटकगृहांत, पुढे पुस्तकांत आणि त्यानंतर शाळांत गेला. मुंबई-पुण्याकडे तो शाळा-कॉलेजांतूनच आला. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला, त्यानंतर चोवीस वर्षांनी, १८६७ मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ऑथेल्लोचे भाषांतर निघाले. आगरकरांनी हॅम्लेटचे विकारविलसित केले. देवलांचा झुंझारराव हा ऑथेल्लोच. १९५४ साली शिरवाडकरांनी मॅकबेथचा राजमुकुट केला. त्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे होत्या. त्यांचा १९७० चा नटसम्राट किंग लिअरची आठवण करून देतो. आपल्या समाजानेही रंगभूमीला माणसे दिली. आलम आरा हा १९३१ चा पहिला बोलपट ज्या नाटकावरून निघाला, ते जोसेफ डेव्हिड ह्यांचे होते. आणि १८८० च्या सुमारास आपल्यांत सुरू झालेली कीर्तने तरी काय? एक चौथरा, एक कीर्तनकार, झांजा, आणि अब्राहाम किंवा योसेफ ह्यांची कथा शब्दांनी डोळ्यांपुढे उभी करणे. ग्लोबची युक्ती तीच होती.

ग्लोब पुन्हा उभे राहिले ते एका यहुद्यामुळे. सॅम वानामेकर हा शिकागोत जन्मलेला नट. आईवडील युक्रेनकडून आलेले यहुदी. १९४९ साली तो लंडनला आला, ग्लोबची जागा शोधीत गेला, तर तेथे भिंतीवरील एका पाटीशिवाय काही नव्हते. पुढे वर्षानुवर्षे त्याने पैसे गोळा केले, कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, थट्टा सहन केली. १९९३ साली तो वारला. नाटकगृह १९९७ साली उघडले. ओकची लाकडे, लाकडी खुंट्या आणि गवती छप्पर. १६६६ च्या लंडनच्या आगीनंतर त्या शहरात असे छप्पर प्रथमच बांधू दिले गेले.

२०१२ साली ह्याच ग्लोबमध्ये सदतीस भाषांत शेक्सपिअरची नाटके झाली. तेल अवीवच्या हबीमा मंडळीने व्हेनिसचा व्यापारी हिब्रूत केले. बाहेर निदर्शने झाली, आतही काहींनी अडथळे आणले. पण खेळ पुरा झाला. शायलॉकला प्रथम ज्या देशात लोक हसले, तेथेच उघड्या आभाळाखाली तो आपल्या धर्मग्रंथांच्या भाषेत बोलला. त्याच महोत्सवात मुंबईच्या मंडळ्यांनी हिंदी आणि गुजराती नाटके केली. मराठी मात्र त्या सदतीस भाषांत नव्हती.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. ज्या शहरात आपण असाल तेथे उन्हाळ्यात असे नाटक लागले तर नातवंडांना घेऊन जावे. ह्या देशातील उन्हाळ्यात शब्बाथ फार उशिरा संपतो, तेव्हा शुक्रवार-शनिवार सोडून आठवड्यातील संध्याकाळ निवडावी. लहानांना आधी गोष्ट मराठीत सांगावी. मग इंग्रजी पद्याचे भय राहत नाही. आणि नाटक व्हेनिसचा व्यापारी असेल तर टाळू नये. १२९० चा हुकूम, डॉक्टर लोपेझ आणि सॅम वानामेकर ह्या तिघांची हकीकत मुलांना जाण्यापूर्वी सांगावी, आणि परतताना जेसिकाविषयी त्यांना काय वाटले ते विचारावे. उत्तर कोणत्याही भाषेत आले तरी चालेल.

बसावयास एक जाड सतरंजी आणि अंगावर घ्यावयास एक गरम कपडा मात्र विसरू नये.